सरांच्या वंशावळीचं मी काय केलं

मी डूख धरणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. माझं काही गंगेला मिळत नाही. कोण कधी काय बोललं, तेव्हा ते कुठल्या खुर्चीत बसले होते आणि ताटात काय वाढलं होतं, इथपर्यंत मला आठवतं. सिंगापूरला येऊन चौदा वर्षं झाली, पण या गुणात काडीचा फरक पडलेला नाही. त्यामुळे सर माझ्या बाबांना जे बोलले ते मी विसरेन, असं कुणाला वाटलं असेल तर ती चूक त्यांची.

सर म्हणजे आमच्याच बँकेतले एक मोठे मॅनेजर. रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात ते माझ्यापेक्षा सहा मजले वर बसतात. मूळचे पुण्याचे, पन्नाशीचे, गोरेपान, घारे, बोलायला गोड. इथली सगळी मराठी माणसं त्यांना सरच म्हणतात, मीही म्हणते. माझं काम कागद तपासायचं. एखादी कंपनी बँकेत खातं उघडायला आली, की तिच्या मागे खरा माणूस कोण आणि त्याच्याही मागे कोण, हे दाखल्यांवरून शोधून काढायचं. कंटाळवाणं काम आहे, पण मला ते आवडतं.

आई-बाबा इथे एकदाच आले, सहा वर्षांपूर्वी. सरांनी रविवारी दुपारी क्वीन्सटाउनच्या आपल्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर पंधरा-वीस मराठी लोकांना जेवायला बोलावलं होतं. आई-बाबांना आवर्जून घेऊन या, असंही म्हणाले होते. त्यांच्या हॉलमध्ये काचेच्या टेबलावर त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत ठेवलेला होता. लाल कापडी बांधणीचा, विटेएवढा जाड. कोण कुणाचा मुलगा, कोण कुठे स्थायिक झाला, कोण दत्तक गेला, सगळं त्यात छापलेलं. बाबा एका शाळेत क्लार्क होते. बत्तीस वर्षं त्यांनी शाळेचं जनरल रजिस्टर लिहिलं, एकाही नावावर खाडाखोड न करता. त्यांना असल्या पुस्तकाचं अप्रूप. त्यांनी ते मांडीवर घेतलं, चष्मा पुसला आणि मनापासून चाळायला लागले.

"सूची फार व्यवस्थित केलीय हो," बाबा म्हणाले.

सर श्रीखंडाची वाटी घेऊन त्यांच्या शेजारी बसले. "बघा, बघा. तुमच्याकडे असं काही नसेलच म्हणा. वंशावळ ठेवायला आधी घराणं लागतं ना!" आणि हसले. त्यांच्यासोबत आणखी दोघं-तिघं हसले. बाकीच्यांनी पुरीत लक्ष घातलं. बाबांनी पुस्तक मिटलं, टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवलं आणि म्हणाले, "नाही, असं छापलेलं नाही."

परतीच्या वाटेवर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, आई म्हणाली, "सांगायचं होतंत की, आमच्याकडेपण आहे म्हणून."

"कशाला," बाबा म्हणाले. आमचं वुडलँड्स स्टेशन येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. दोन वर्षांनी ते गेले. हृदयाचा झटका आला, सरांच्या वाक्याने काही गेले नाहीत, एवढं मला कळतं. पण मला ते आठवतात ते श्रीखंडाच्या वाटीशेजारी पुस्तक मिटताना.

आमच्याकडे वंशावळ होती. स्टॅम्प पेपरवर लिहिलेली, शपथ घेऊन सही केलेली. मला इंजिनिअरिंगला प्रवेश हवा तर जातीची पडताळणी हवी, आणि पडताळणी हवी तर वंशावळ हवी. आम्ही बौद्ध असलो तरी रजिस्टरातली जुनी जात कागदाने सिद्ध करावी लागते. मी, बाबा, आजोबा, पणजोबा, प्रत्येक नावापुढे पुरावा. आजोबांपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत आजोबांच्या जन्माची ओळ सापडली. त्यात आईचं नाव होतं. बापाच्या रकान्यात आडवी रेघ. पणजी पाटलाच्या गोठ्यात कामाला होती. गावात काय बोललं जायचं ते बाबांना लहानपणापासून ठाऊक होतं, पण ते एकट्याने ऐकणं वेगळं आणि मुलीदेखत ऐकणं वेगळं. समितीसमोर आम्ही उभे राहिलो तेव्हा मी अठरा वर्षांची होते. समोरच्या साहेबांनी फाइलवरची नजर न उचलता विचारलं, "तुमच्या वडिलांचे वडील कोण?"

"नोंद नाही साहेब," बाबा म्हणाले.

मग चौकशीला एक माणूस गावात आला. त्याने चावडीवर चार म्हाताऱ्यांना बसवून तोच प्रश्न मोठ्यांदा विचारला. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकाने पिंक टाकली. शेवटी आजोबांच्या शाळाप्रवेशाच्या उताऱ्यावर निभावलं. त्या सगळ्यात माझं एक वर्ष गेलं आणि बाबांचे केस पांढरे झाले. अशा माणसाला सर म्हणाले होते, तुमच्याकडे वंशावळ नसेलच म्हणा.

तर गेल्या वर्षी जानेवारीत सर स्वतः जिना उतरून माझ्या मजल्यावर आले. लिफ्टने आले नाहीत, यावरूनच मी ओळखलं की काहीतरी आहे. "जरा खाजगी होतं," ते म्हणाले. "लंचला येता?"

ऑफिसजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या मंडईत, त्यांनी मुद्दाम कोपऱ्यातलं टेबल धरलं. मी फिश सूप घेतलं, त्यांनी व्हेज स्टॉलवरून शेवया आणल्या आणि त्या नुसत्या ढवळत बसले. त्यांच्या मुलाने त्यांना वाढदिवसाला डीएनए तपासणीचं किट दिलं होतं. गंमत म्हणून त्यांनी नळीत थुंकून ते पाठवलं. निकाल आला तर त्यात सहा टक्के स्कॉटलंड. वर त्या कंपनीने एक नातेवाईकही शोधून दिली होती, स्कॉटलंडमधली एक निवृत्त शिक्षिका.

"आमचे पणजोबा दत्तक," सर हळूच म्हणाले. "कुलवृत्तांतात नुसतं 'दत्तक' लिहिलंय. कुणाकडून घेतलं ते नाही. घरात सांगायचे, भाऊबंदांतलंच मूल म्हणून. आणि आता हे काय निघालं?" मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "तुम्ही कागद वाचण्यात पटाईत आहात. आणि तुम्ही आमच्या नातेवाइकांत कुठे बोलायला जाणार नाही, हा एक फायदा."

फायदा! वरून मी गंभीर चेहरा करून बसले होते, आतून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. ज्या माणसाने माझ्या बापाला घराणं विचारलं, तो शेवया ढवळत मला विचारत होता, माझ्या पणज्याचा बाप कोण ते शोधून द्या. सूप निवायच्या आत मी हो म्हटलं.

शनिवारी सकाळी मी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचे. समोर माझी मुलगी अभ्यास करत असायची. आधी मी त्या शिक्षिकाबाईंना ईमेल केला. सरांना तो पत्रव्यवहार स्वतः करायचा नव्हता. बाईंचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, लांबलचक आणि मोकळं. त्यांच्या पणजीचा एक मोठा सावत्र भाऊ फिटरचं काम शिकून हिंदुस्थानात गेला होता, रेल्वेच्या वर्कशॉपात. घरी एकच पत्र आलं, मग काहीच नाही. त्यांनी त्या पत्राचा फोटो पाठवला. वर गावाचं नाव होतं. सरांचे पणजोबा ज्या गावात दत्तक म्हणून घरात आले तेच गाव, आणि वर्षंही जुळत होती.

बाळाची आई कोण, हे कुठल्याच कागदावर नाही. त्या घरात तेव्हा एक तरुण विधवा आत्या होती, एवढं कुलवृत्तांतात सापडतं. सरांनी तो विषय पुढे नेला नाही. मीही नेला नाही. सरांवर माझा कितीही राग असला तरी त्या बाईला मध्ये घालून मला तो काढायचा नव्हता.

"त्या फिटरचा बाप कोण, हे मी तीस वर्षं शोधतेय," शिक्षिकाबाईंनी लिहिलं होतं. "त्याची आई एका मोठ्या जमीनदाराच्या गोठ्यात गाई पिळायची. लग्न झालेलं नव्हतं. तुम्हाला सापडला तर कळवाल का?" सोबत त्यांनी बनवलेला वंशवृक्ष होता. त्यात फिटरचं पूर्ण नाव होतं, आणि त्याच्या वर बापाच्या जागी रिकामी चौकट.

मी तो वंशवृक्ष सरांना पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा फोन. "मधलं नाव बघितलंत का? अहो, त्या भागातला जो जमीनदार होता ना, हजारो एकरवाला, त्याचं हेच नाव! मी इंटरनेटवर बघितलं. मधलं नाव म्हणजे बापाचं नाव! सरळ आहे!"

आपल्याला ते सरळच वाटणार. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव, ही आपल्या हाडात मुरलेली सवय. मलाही अर्धा क्षण तसंच वाटलं. पण तिकडे मधलं नाव कुणाचंही असू शकतं. आईच्या माहेरचं, डॉक्टरचं, पाद्र्याचं, ज्याच्या जमिनीवर राहतो त्या मालकाचं. हे मी सरांना तेव्हाच सांगू शकले असते. मी म्हटलं, "बघते सर."

त्या दिवसापासून सर बदलले. जानेवारीत शरमेने जिन्यावरून येणारा माणूस फेब्रुवारीत लिफ्टमध्ये सगळ्यांदेखत मला हाक मारायला लागला. "अनौरस असला म्हणून काय झालं, रक्त सरदाराचं आहे!" तिकडे प्रत्येक कुळाच्या कापडाच्या चौकड्या ठरलेल्या असतात; एकदा तर त्यांनी त्या जमीनदाराच्या कुळाच्या चौकड्यांचा लोकरीचा मफलर मागवला आणि ऑफिसात घातला. सिंगापुरात मफलर! एसी जास्त आहे म्हणाले. नात्यातल्या लोकांपासून लपवायचं म्हणणारा माणूस आता कुलवृत्तांताला आपल्या शाखेची पुरवणी छापणार होता, रंगीत, जाड कागदावर, मराठीत आणि इंग्रजीत. एक आख्खं पान स्कॉटलंडच्या सरदार घराण्याला.

मार्चमध्ये मला खरा कागद सापडला. तिकडच्या जुन्या जन्मनोंदी सरकारने स्कॅन करून ठेवल्या आहेत, घरबसल्या बघता येतात. फिटरच्या नावाखाली एकच शब्द होता, अनौरस. शेजारी आईचं नाव आणि काम, आणि बापाची जागा कोरी. असला कोरा रकाना मला नवा नव्हता. पण त्याच पानावर मी आणखी तीन मुलं बघितली, त्याच मधल्या नावाची. तिघांचे बाप वेगळे, तिघांच्याही आया लग्नाच्या. म्हणजे त्या जमिनीवर राहणारी माणसं मालकाचं नाव पोराला देत होती, जसं आपल्याकडे कुणी पुढाऱ्याचं देतं. आणि आमच्या फिटरच्या ओळीशेजारी समासात बारीक अक्षरात एक टीप होती, अमुक रजिस्टर पाहा. शिक्षिकाबाईंकडे त्या नोंदीची टाइप केलेली नक्कल होती, तिच्यात समास नव्हता.

मी ते रजिस्टर पाहिलं. त्या गोठ्यातल्या बाईने एका माणसाला कोर्टात खेचलं होतं. तो त्याच जमिनीवर नांगराचे घोडे हाकायचा. कोर्टाने निकाल दिला, बाप हाच. आणि तो निकाल जन्मनोंदीला जोडला गेला, कायमचा. मग मी त्यांच्या चर्चच्या पंचांची कार्यवाही शोधली, कारण लग्नावाचून मूल झालं की ती मंडळी बाईला समोर उभी करायची. तिला तीनदा उभी केली होती. मूल कोणाचं? मालकाचं का, असंही त्यांनी विचारलं. ती म्हणाली, नाही, आणि नांगऱ्याचं नाव घेतलं. नांगऱ्याने नाकारलं. त्यानंतर ती कोर्टात गेली. लिहिता येत नव्हतं तिला. सहीच्या जागी तिने फुली मारली होती.

त्या फुलीकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मला तिचा अभिमान वाटला आणि तितकाच हेवा वाटला. माझी पणजीही गोठ्यातच होती. तिला कुठलं कोर्ट आणि कुठलं रजिस्टर? तिने कुणाचं नाव घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिचं घर जागेवर राहिलं नसतं. म्हणून आमच्या वाट्याला ती रेघ आली.

शिक्षिकाबाईंना मी त्याच दिवशी सगळं पाठवलं. "सापडला, बेशरम कुठला!" एवढंच त्यांचं पहिलं उत्तर, उद्गारचिन्हांची रांग लावलेलं. मग दुसरा ईमेल, की त्या रडल्या.

आणि सरांना मी काही सांगितलं नाही.

सोमवारी त्यांनी लिफ्टपाशी विचारलं, "काय, नवीन काही?" मी म्हटलं, "तुमचा तर्क अगदी मराठी आहे सर." त्यांना ते कौतुक वाटलं. "मग छापू ना?" ते म्हणाले.

"छापा की," मी म्हटलं.

माझा बेत साधा होता. पुरवणीचं प्रकाशन त्यांच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये होणार, आणि त्याला तीच मंडळी असणार जी त्या रविवारी बाबांसमोर पुऱ्या खात होती. सरांनी सरदाराचं पान वाचून दाखवायचं. टाळ्या झाल्या की मी उठायचं, कागद काढायचा आणि विचारायचं, सर, पुरावा काय? समितीने माझ्या बाबांकडे मागितला होता तसाच, पण चार लोकांत. तीन महिने मी ते वाक्य तोंडात घोळवत होते. भांडी घासताना घोळवत होते, एमआरटीत घोळवत होते. मुलीला मी सगळं सांगितलं होतं. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मा, जस्ट टेल हिम ला. व्हाय सो ड्रामा?" तिला काय सांगणार. तिला शाळेत कुणी तिच्या बापाच्या बापाचं नाव विचारत नाही.

एक गोष्ट मात्र मधूनच आठवायची आणि मी ती बाजूला सारायचे. आमची पडताळणी अडली होती तेव्हा तलाठी बाबांना म्हणाला होता, "गुरुजी, त्या रेघेच्या जागी तुमच्या भावकीतलं एखादं नाव टाकून देऊ की. मेलेला माणूस थोडाच नाही म्हणायला येणार!" बाबा क्लार्क होते तरी गावात त्यांना गुरुजीच म्हणायचे. ते उठून उभे राहिले. "माहीत नाही ते माहीत नाही," म्हणाले, आणि मला घेऊन बाहेर पडले. वर्ष वाया गेलं ते त्यामुळे. मी तेव्हा बसस्टँडवर त्यांच्याशी भांडले होते.

प्रकाशन जूनमधल्या एका शनिवारी दुपारी झालं. फंक्शन रूममध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, मागे बटाटेवडे आणि कोथिंबीरवडी. सरांनी मफलर घातला होता. मी पहिल्याच रांगेत बसले होते, पर्समध्ये कागद. सर उभे राहिले आणि त्यांनी पान वाचायला घेतलं. हजारो एकर, दगडी हवेली, कुळाचं बोधवाक्य, आणि "त्या सरदाराचा पुत्र, आमचे खापरपणजोबा." वाचताना त्यांचा आवाज भरून आला. टाळ्या पडल्या. मी पर्सची चेन उघडली.

"थांबा, थांबा," सर म्हणाले, "एक ऋण राहिलं." आणि त्यांनी त्याच पानाच्या तळाची ओळ वाचली. "या पृष्ठावरील माहितीची कागदोपत्री पडताळणी," आणि पुढे माझं नाव. माझं पूर्ण नाव. लग्नानंतर मी नाव बदललं नाही, कारण सगळे दाखले, पडताळणीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, एम्प्लॉयमेंट पास, सगळं जुन्या नावावर. त्यामुळे सरांनी मोठ्याने जे वाचलं त्यात मधोमध माझे बाबा होते. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "वा, यांनी तपासलंय म्हणजे प्रश्नच नाही."

माझ्याने उठवलं नाही. उठून काय सांगणार होते? की मी तपासलंय आणि ते खोटं आहे, आणि ते मला मार्चपासून ठाऊक आहे? मी मांडीवरच्या पुरवणीकडे बघत होते. वर सरदार, खाली बाबा. बत्तीस वर्षं एका अक्षराची खाडाखोड न केलेला माणूस मी एका खोट्या नोंदीखाली साक्षीला उभा केला होता. दुसऱ्या कुणी नाही, मीच.

लोक वड्यांकडे वळले तेव्हा मी सरांना कोपऱ्यात गाठलं आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. वाचत गेले तसा त्यांचा चेहरा उतरला, आणि खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं.

"म्हणजे नांगर हाकणारा?"

"हो. कोर्टाने ठरवलेला."

"हे तुम्हाला कधी मिळालं?"

"मार्चमध्ये."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

मी सांगितलं. कुठला रविवार, कुठली खुर्ची, श्रीखंडाची वाटी, त्यांचं वाक्य आणि बाबांचं उत्तर, सगळं. सर आठवायचा खरोखर प्रयत्न करत होते, ते मला दिसत होतं, आणि त्यांना काही आठवत नव्हतं.

"मी असं म्हणालो?" ते म्हणाले. "गमतीत म्हणालो असेन हो. तुमचे वडील आले होते, एवढं अंधुक आठवतंय." मग त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत ठेवली. "आता सगळ्यांच्या हातात प्रती गेल्या. पुण्यालाही गेल्या. राहू दे. आणि कुणी विचारलंच, तर खाली तुमचं नाव आहेच की."

"माझं नाव काढा," मी म्हटलं.

"पुढच्या आवृत्तीत बघू," सर म्हणाले आणि पाहुण्यांकडे गेले.

सरांनी एक प्रत स्कॉटलंडलाही पाठवली होती. दोन आठवड्यांनी शिक्षिकाबाईंचा ईमेल आला. तीन ओळींचा. मला तुमची भाषा येत नाही, पण समोरच्या पानावर इंग्रजी आहे. त्यात जमीनदाराचं नाव का आहे? खाली तुमचं नाव दिसलं म्हणून विचारते. त्या ईमेलला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

तो ईमेल आला त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या मुलीने तिला आधीच काहीतरी सांगून ठेवलं होतं, अर्थात अर्धवट. आई पदर नीट करून कॅमेऱ्यासमोर बसली होती.

"अगं, त्या क्वीन्सटाउनवाल्याच्या पुस्तकात यांचं नाव छापून आलंय म्हणे?"

"माझं आलंय आई. मध्ये बाबांचं आहे."

"तेच ते. घराणं विचारत होता ना आम्हाला? आता त्याच्याच घराण्याच्या पुस्तकात यांच्या नावाचा दाखला लागला. जिरली मेल्याची!" इतकं खुलून हसताना मी तिला बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "पानाचा फोटो पाठव. मोठा करून घेते, यांच्या फोटोशेजारी लावते. खालच्या काकूंना पण दाखवायचंय."

"नुसतं नावच आहे गं, एका ओळीत."

"मग? एवढी वर्षं आपण काय मागत होतो?" आई म्हणाली.

मी कॉल बंद केला आणि पुरवणी टेबलावर उघडून ठेवली. वरचा सगळा मजकूर डाव्या हाताने झाकला, तळाच्या ओळीचा फोटो काढला आणि पाठवला. मिनिटाभरात आईचा मेसेज आला, "हात मध्ये आलाय. हात काढ आणि पूर्ण पान येऊ दे."